भ्यायला शिकवणारे तायडे गुरुजी

तायडे गुरुजींची आणि माझी पहिली ओळख भांडणाने झाली, आणि भांडणाचं कारण होतं माझ्या आईच्या हातच्या करंज्या. महाराष्ट्र राज्य नवंनवं झालं होतं, खेडोपाडी शाळा निघत होत्या, आणि नांदुऱ्यासारख्या रेल्वेच्या गावात वाढलेल्या मला डोणगावच्या पलीकडच्या एका खेड्यात शिक्षिका म्हणून नेमणूक मिळाली. यजमान नांदुऱ्याला जिनिंगमध्ये नोकरीला. त्यामुळे कडेवर लहानगी नलू, पुढे डोक्यावर ट्रंक घेतलेला गडी आणि माझ्या हातात करंज्यांचा डबा अशी आमची स्वारी बसथांब्यावरून चालत शाळेवर पोचली. ओट्यावर मुख्याध्यापक उभे होते. शिडशिडीत अंगाचे, पांढरा सदरा, पांढरा पायजमा. त्यांनी नमस्कार केला आणि प्रवास कसा झाला हे विचारायचं सोडून म्हणाले, "बाई, हा डबा कुठला?"

डबा माझ्या भावाने दिलेला होता. तो खता-औषधांच्या दुकानात कामाला होता. फवारणीच्या औषधाचे रिकामे झालेले पत्र्याचे डबे तो घरी आणायचा आणि आई ते सोड्याने घासून, उन्हात तापवून ठेवायची. आमच्या आळीत निम्म्या घरांतल्या शेवया आणि पापड अशाच डब्यांत असत. इतक्या घट्ट झाकणाचा देखणा डबा कोण टाकून देणार? मी हे सगळं अभिमानाने सांगितलं. गुरुजींनी डबा माझ्या हातून घेतला, झाकण काढून वास घेतला, आणि अंगणाच्या कोपऱ्यातल्या खड्ड्यात सगळ्या करंज्या ओतून दिल्या.

"अहो, धुतलेला आहे तो!" मी ओरडलेच.

"धुतला ना? मग ते धुतलेलं पाणी कुठं गेलं?"

पाणी कुठं जातं, मोरीत जातं. मला संताप आला होता आणि रडूही येत होतं. पण त्यांच्याकडे लक्ष गेलं तर ते दोन्ही हात पुन्हा पुन्हा मातीने घासत होते. हा माणूस आगाऊ नाही, घाबरलेला आहे, एवढं मला तिथल्या तिथे कळलं. कशाला घाबरला आहे ते कळलं नाही. संध्याकाळी त्यांच्या घरून, त्यांच्या पत्नी शांताबाईंच्या हातच्या, गुळाच्या पुऱ्या नलूसाठी आल्या. केळीच्या पानात बांधलेल्या होत्या. नलूने त्या सगळ्या संपवल्या आणि माझा राग निम्मा झाला.

गुरुजींच्या सत्कार समितीने मला या गौरवग्रंथासाठी "गुरुजींच्या निर्भयपणाविषयी" लिहायला सांगितलं आहे. समितीचा मान राखून सांगते की एवढा भित्रा माणूस मी जन्मात पाहिलेला नाही. गावातली टारगट पोरं त्यांना पाठीमागे 'भेदरट गुर्जी' म्हणत. शेतात औषधाची पावडर धुरळून आलेला माणूस तसल्याच हाताने तंबाखू मळताना दिसला की गुरुजींच्या तोंडचं पाणी पळायचं. कोणी नाल्यात फवारणीचा पंप विसळायला बसलं की ते काठावर जाऊन उभे राहत, हात जोडत, आणि शिव्या खाऊन परत येत. त्यांच्या घरी धान्यात कडुनिंबाचा पाला असे, आंघोळीचं पाणी केळीच्या आळ्यात जाई, आणि दाढीचं जुनं पातंसुद्धा कागदात गुंडाळून पुरलं जाई. दर शनिवारी मुलांनी घरचा रिकामा औषधाचा डबा आणायचा, हा शाळेचा नियम होता. गुरुजी स्वतः पहारीने प्रत्येक डब्याला भोकं पाडत आणि मगच तो पुरत. भोक कशाला, असं मी एकदा विचारलं. ते म्हणाले, "नाहीतर उकरून नेतील, बाई. चांगला डबा आहे ना."

आणि त्यांना गावाचीही भीती होती. ती वाजवीच होती. गुरुजी बौद्ध वस्तीतले. मुख्याध्यापक असले तरी आबाजींच्या घरी ते ओट्याच्या खालीच उभे राहत, आणि कोणी त्यांना वर या म्हणत नसे. आबाजी म्हणजे गावचे मोठे शेतकरी, देवळाचे कारभारी, ज्यांच्या शब्दाशिवाय गावात पान हलत नसे. एका अर्जावर गुरुजींची बदली होऊ शकत होती, आणि अर्जाशिवायही पुष्कळ काही होऊ शकत होतं. म्हणून आता सांगते ती हकिगत वाचताना वाचकांनी हे ध्यानात ठेवावं.

आमच्या गावात पौषात मारुतीच्या पारावर रोडग्यांची पंगत होते. गव्हाच्या जाडसर पिठाचे रोडगे गोवऱ्यांच्या आरात भाजायचे, वर वांग्याची भाजी आणि वरण. आसपासच्या खेड्यांतली माणसं लेकराबाळांसह जेवायला येतात. गहू घराघरातून सूपभर गोळा होतो आणि त्याची एक रीत आहे. देणाऱ्याने तोंड फिरवून ओतायचा, आणि घेणाऱ्याने तो पारखायचा नाही, निवडायचा नाही, त्याला नाव ठेवायचं नाही. एकदा ढिगात पडला की तो मारुतीचा. गरिबाचा किडका आणि श्रीमंताचा टपोरा गहू एक व्हावा म्हणून कोणा शहाण्याने ही रीत घातली असेल. मला ती फार आवडायची. मी आले त्याच्या दुसऱ्या वर्षी देवळाचं छत उतरवलेलं होतं म्हणून ढीग शाळेच्या ओसरीत घातला होता.

पंगतीच्या आदल्या दिवशी मधल्या सुट्टीत मी वर्गाबाहेर आले तर गुरुजी ढिगापाशी उकिडवे बसलेले. बैलगाडी अंगणात येऊन उभी होती, गहू डोणगावच्या चक्कीवर न्यायचा होता.

"बाई," ते हळू आवाजात म्हणाले, "मुंगी नाही."

मला वाटलं मुंग्या लागल्या नाहीत म्हणून समाधानाने सांगताहेत. मग त्यांचा चेहरा पाहिला. आमच्या शाळेत मुलाच्या हातून गुळाचा खडा पडला तर तो उचलेपर्यंत मुंग्या हजर असत. इथे कालपासून एवढा गहू पडलेला आणि त्यावर काही हलत नव्हतं. गुरुजींनी बोटाने दाखवलं. भिंतीच्या कडेने मुंग्यांची रांग ढिगाच्या रोखाने आलेली होती आणि हातभर अलीकडे सगळीच्या सगळी मरून पडलेली होती. गुरुजींनी मूठभर गहू नाकाशी धरला आणि मलाही दिला. कुबट, घशात बसणारा वास होता. कापसावर आणि ज्वारीवर धुरळायची पांढरी पावडर त्या वर्षी गावात घरोघर आली होती. त्या पावडरीचा तो वास.

तेवढ्यात आबाजी आले, मागे चार-सहा गडी आणि गहू भरायला आलेल्या बाया. गुरुजी ओसरीवरून खाली उतरले आणि खालून म्हणाले, "आबाजी, हा गहू दळू नका. याच्यात पावडर हाये."

"मारुतीच्या दान्याले नाव ठेवून राह्यले तुमी, गुर्जी?"

"नाव नाही ठेवत. मुंग्या पाहा मेल्या."

आबाजींनी मुंग्यांकडे पाहिलंही नाही. पण बायांमधून द्वारकाबाई पुढे आल्या. द्वारकाबाई माझ्या शेजारीण. मुलंबाळं नव्हती. मी शाळेत असताना नलूला त्याच सांभाळत, पोटच्या पोरीसारखं. त्यांना यात लपवण्यासारखं काही वाटतच नव्हतं. मोकळेपणाने म्हणाल्या, "वास येत असन त माह्या गव्हाचा असन, गुर्जी. म्या राख लावली व्हती ना कोठीत. ते पांढरी राख."

इथे बाहेरच्या वाचकांसाठी एक सांगायला हवं. धान्याला किडा लागू नये म्हणून आमच्याकडे बाया कोठीतल्या दाण्याला चुलीची राख चोळतात. हे आज्या-पणज्यांपासून चालत आलेलं. काढताना दाणा पाखडायचा, धुवायचा, की राख गेली. त्या वर्षी घरात सरकारकडून पांढरी पावडर आली. ती किडे मारते हे सगळ्यांनी शेतात डोळ्यांनी पाहिलं. दिसायला राखेसारखीच. मग बायांनी तिला 'सरकारी राख' म्हटलं आणि त्याच हातांनी, त्याच मापाने, त्याच कोठीत चोळली.

"ते राख नव्हे, द्वारकाबाई. जहर हाये ते," गुरुजी म्हणाले.

"किडा मरते त्यानं. मानूस काऊन मरन? म्या पाखडून देल्ला ना गहू."

"माह्याही कोठीत तेच हाये," मागून एक बाई म्हणाली.

"आमच्याही."

"मले त हिनंच सांगतलं, चांगली राह्यते म्हून."

मग आणखी एक. बाया एकमेकींकडे बघत होत्या. त्याच क्षणी मी नलूकडे पाहिलं. ती द्वारकाबाईंच्या लुगड्याला धरून उभी होती आणि तिच्या हातात भाकरीचा तुकडा होता.

"द्वारकाबाई," मी विचारलं, "ज्वारीतही?"

"दोनी कोठ्यांत, बाई. पोरगी खाते म्हून ज्वारीले त जरा जास्तच लावली. किडा नोको जाऊ तिच्या पोटात."

मी नलूच्या हातून भाकरी हिसकली. तोंडातला घास बोटाने काढला. ती रडायला लागली. किती महिने ती त्या घरात भाकरी खात होती हे मी मोजायला लागले आणि मोजता येईना. मधून मधून तिचं पोट दुखायचं, ते आठवलं. पोट तर सगळ्याच पोरांचं दुखतं, हेही आठवलं. दोन्ही एकदम आठवत होतं. द्वारकाबाई माझ्याकडे बघून हळूहळू पांढऱ्या पडत चालल्या होत्या.

आबाजींनी आता पुढाकार घेतला. त्यांना पंगत मोडायची नव्हती. शेजारच्या गावांना आवतनं गेली होती. "धुऊन घेऊ," ते म्हणाले. "इहिरीवर न्या, चार पान्यानं चांगला धुवा, वाळवा, आन दळा. धुतलं का झालं."

"इहिरीवर?" गुरुजींचा आवाज चिरकला. "आबाजी, इहिरीवर नोको. पाया पडतो. धुऊन ते जात नाही, ते पान्यात उतरते. लेकरं येतीन उद्या जेवाले."

"तुमाले यायचं हाये का जेवाले?" आबाजी म्हणाले. "मंग आमची पंगत काऊन मोडून राह्यले? तुमचा धरम सुटला, आमचा त हाये ना?"

हे बोलणं ऐकल्यावर गुरुजी आता खाली मान घालून बाजूला होतील, असं मला वाटलं. दुसऱ्या कोणत्याही दिवशी ते झाले असते. ते वळले आणि शाळेत गेले. गड्यांनी घमेली उचलली. गुरुजी बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात कंदिलासाठी ठेवलेला घासलेटचा डबा होता. त्यांचं सगळं अंग कापत होतं, इतकं की निम्मं घासलेट त्यांच्याच पायजम्यावर सांडलं. बाकीचं त्यांनी मारुतीच्या गव्हावर ओतलं. ढिगाभोवती फिरून, वरून, मधून, डबा रिकामा होईपर्यंत ओतलं. आता तो गहू जनावरानेही हुंगला नसता.

त्यानंतरचं मी नीट पाहिलं नाही. कोणीतरी धक्का दिला आणि गुरुजी ओट्याच्या दगडावर आदळले. या ग्रंथाच्या आरंभी त्यांचं छायाचित्र आहे, त्यात डाव्या भुवईवर जो व्रण दिसतो तो त्या दिवसाचा. रक्त डोळ्यात उतरत होतं. ते उठले, कोणाला उलटून शब्द बोलले नाहीत, आणि माझ्याकडे येऊन म्हणाले, "बाई, पोरीला घ्या. मेहकरची बस गाठू."

बसमध्ये नलू माझ्या मांडीवर झोपली. रोज दुपारी झोपायची तशीच झोपली होती, पण मी दर थोड्या वेळाने तिच्या नाकाशी बोट धरत होते. गुरुजी पलीकडच्या बाकावर रुमाल कपाळाला दाबून बसले होते. घासलेटचा वास येतो म्हणून लोक त्यांच्यापासून दूर सरकले होते.

मेहकरचे डॉक्टर भले गृहस्थ होते. त्यांनी नलूची जीभ पाहिली, डोळे पाहिले, पोट दाबून पाहिलं, आणि गुरुजींच्या भुवईला टाके घातले. मी विचारलं, पोरीला काही होईल का? त्यांनी पुन्हा एकदा तिचं पोट दाबून पाहिलं. मग म्हणाले, "मूठभर पोटात गेली असती तर काय करायचं ते मला माहीत आहे. पण थोडी थोडी, रोज, भाकरीतून? त्याने पुढे काय होतं हे मला कोणी शिकवलेलं नाही. लक्ष ठेवा." लक्ष ठेवा, एवढंच. मी तेव्हापासून लक्ष ठेवते आहे.

नलूला डॉक्टरांनी संध्याकाळपर्यंत ठेवून घेतलं. आम्ही बाहेर व्हरांड्यात बसलो. तिथे गुरुजींनी मला जे सांगितलं ते त्यांनी नंतर पुन्हा कधी सांगितलं नाही. "बाई, नाला गावात वरून येतो आणि आमच्या वस्तीपाशी खाली येतो. आमचा झरा नाल्यातच खोदलेला. गाव वर धुतं आणि वस्ती खाली पिते. लहानपणी मी रंग पीत होतो, साबण पीत होतो, कातड्याचं पाणी पीत होतो. आता हे आलं. तुम्हांला धुतलं की गेलं असं वाटतं. ते जिथं येतं तिथं मी राहतो." नंतर म्हणाले, "ढिगावर घासलेट ओतता आलं. घराघरातल्या कोठीवर कसं ओतू?"

तो प्रश्न खराच होता. त्या वर्षीची पंगत पुढे उधार-उसनवारीच्या गव्हावर कशीबशी झाली आणि गावाने गुरुजींशी बोलणं टाकलं. त्यांच्याविरुद्ध अर्ज गेले. कशी कोण जाणे, बदली टळली. पण वर्षाचं धान्य कोणी घराबाहेर काढलं नाही. काढून खायचं काय? काही बायांनी म्हणे रात्रंदिवस पाखडलं, काहींनी धुतलं, आणि नाला त्या पौषात बरेच दिवस पांढुरका वाहत होता. आमच्याकडे तडकाफडकी कोणी मेलं नाही. कोणाचं काय झालं आणि कशाने झालं, हे सांगायला कोणी नव्हतं. कोणाला मूल राहिलं नाही, कोणाचा म्हातारा हातपाय थरथरत गेला, कोणाची म्हैस आटली. असं तर दरवर्षीच काही ना काही होतं. पावडरीने झालं म्हणावं तरी पंचाईत, नाही म्हणावं तरी पंचाईत.

एकट्या द्वारकाबाईंनी दोन्ही कोठ्या फोडल्या. मी नको म्हणत होते. त्यांनी ऐकलं नाही. माझ्याशी त्या बोलत नव्हत्या. म्हणजे त्यांना माझ्याकडे बघवत नव्हतं. ते धान्य गुरुजींनी आणि त्यांनी मिळून टेकडीच्या मुरमाड उतारावर, विहिरींपासून लांब, खोल पुरलं. दुसऱ्या दिवशी गुरुजी आपल्या घरची ज्वारी, निंबाच्या पाल्यातली, पोत्यात घालून द्वारकाबाईंच्या दाराशी घेऊन आले आणि नेहमीप्रमाणे उंबऱ्याच्या बाहेर उभे राहिले. माझ्यासारख्या उपऱ्या बाईचं बिऱ्हाड सोडलं तर वस्तीतलं धान्य गावातल्या घरात तोवर कधी गेलं नव्हतं. सगळी आळी दारांतून बघत होती. द्वारकाबाई बाहेर आल्या. "अठी काऊन उभे राह्यले, गुर्जी? पोतं जड हाये ना, आत आना," असं म्हणून त्यांनी स्वतःच पोत्याला हात लावला. त्या ज्वारीच्या भाकऱ्या नलू पुढे वर्षभर खात होती आणि मीही खात होते.

जिथे ते धान्य पुरलं तिथे गुरुजी आजही दर पावसाळ्यानंतर जाऊन येतात. पुरलं म्हणून संपलं असं त्यांना वाटत नाही. तिथलं गवत ते कोणाच्या गुराला खाऊ देत नाहीत. एकदा मी वैतागून म्हटलं, "गुरुजी, आता किती दिवस भिणार?" त्यावर ते नुसते हसले. सेवानिवृत्तीच्या दिवशी मुलांना उद्देशून त्यांनी जे भाषण केलं, त्यात ना ध्येय होतं ना आदर्श. डबा धुऊन वापरू नका, नाल्यात पंप धुऊ नका, खाली कोणीतरी पितं आहे, एवढंच होतं. पाहुणे जांभया देत होते. मुलं मात्र ऐकत होती. त्यांच्या हाताखालून गेलेल्या मुलांतली कित्येक आता शेतकरी आहेत आणि फवारणी करून आल्यावर कपडे बाहेर काढून मगच घरात येतात, हे मी पाहते.

आबाजी आज या सत्कार समितीचे अध्यक्ष आहेत. त्या दिवसाबद्दल ते अजून एक अक्षर बोललेले नाहीत आणि बोलणारही नाहीत, जित्याची खोड आहे ती. पण या लेखावर त्यांनी कात्री चालवली नाही, आणि त्यांच्या घरच्या कोठीत निंबाचा पाला असतो. त्यांच्या सुनेने मला दाखवला. समितीच्या पहिल्या बैठकीला गुरुजी आबाजींच्या घरी गेले तेव्हा ते ओट्यावर, सतरंजीवर बसले होते. हेही मी इथे नमूद करून ठेवते.

आता शेवटचं. नलू मोठी झाली, शिकली, तिचं लग्न झालं. तिच्या प्रत्येक तापात, प्रत्येक पोटदुखीत मी घाबरले आणि तिने मला हसून वेड्यात काढलं. मागच्या महिन्यात ती बाळंतपणाला माझ्याकडे आली आणि मुलगा झाला. गुटगुटीत, भरपूर रडका. सगळं सुखरूप झालं म्हणून मी मारुतीला नारळ फोडला. नंतर एका सकाळी वर्तमानपत्र वाचता वाचता नलूने मांडीवरचं बाळ खाली ठेवलं. त्यात लिहिलं होतं की तसली पावडर एकदा शरीरात गेली की लवकर जात नाही, वर्षानुवर्षं चरबीत दबून राहते आणि आईच्या दुधात उतरते.

दुपारपर्यंत तिने बाळाला अंगावर घेतलं नाही. मूल रडून लाल झालं होतं. दूध तिच्या चोळीतून पाझरत होतं आणि ती भिंतीकडे तोंड करून बसली होती. मी समजावलं, रागावले, गाईचं दूध आणलं. गाय कुठलं गवत खाते हे तिने विचारलं, आणि मीही खाली बसले. द्वारकाबाई आता थकल्या आहेत. त्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या आणि आत न येताच रडायला लागल्या. तेव्हा मी गुरुजींना बोलावणं पाठवलं.

ते आले. साठीला आलेला माणूस, उन्हातून भरभर चालत आल्यामुळे दम लागलेला. नलूने त्यांना एकच विचारलं, "गुरुजी, पाजू का?"

ते खोटं बोलतील अशी मला फार आशा होती. काही नाही गं, वर्तमानपत्रवाले काहीही लिहितात, असं ते म्हणाले असते तर तिने विश्वास ठेवला असता, कारण त्यांच्याइतका घाबरणारा माणूस 'काही नाही' म्हणतो म्हणजे खरंच काही नाही. गुरुजी तिच्यासमोर जमिनीवर बसले. त्यांनी बाळाच्या टाळूवर हात ठेवला आणि ते म्हणाले, "मले मालूम नाही, पोरी. तवाही नव्हतं, आताही नाही."

नलूच्या डोळ्यांत पाणी आलं.

"पन त्याले भूक लागली हाये, हे मालूम हाये," गुरुजी म्हणाले. "भ्याचं काम माह्याकडं राहू दे. मले सवय हाये त्याची, मी भेतो तुह्यावाटचं. तू पाज त्याले."

ते उठून बाहेर ओसरीवर गेले आणि पाठ करून बसले. आतून बाळाचं रडणं थांबलं तेव्हा त्यांचे खांदे हलताना मी पाहिले. मी चहा करून नेला. तो त्यांनी बराच वेळ हातात तसाच धरला होता.

सत्कारमूर्तींना आयुष्य चिंतताना लोक सुखाचं, निश्चिंत आयुष्य चिंततात. मला ते गुरुजींसाठी मागता येत नाही. ते निश्चिंत झाले तर आमच्या वाटचं भिणार कोण? त्यांना धडधाकट शंभर वर्षं मिळोत, शांताबाईंची साथ मिळो, टेकडी चढायला पाय खंबीर राहोत, आणि त्यांचं हे भिणं जागं राहो, एवढंच या लेखणीने मागते. माझा नातू अजून अंगावर पितो आहे.